पास

रेल्वेचा पास वर्षातून एकदा मिळतो.
केवळावहिनीनं अकरा वर्षं तो काढलाच नाही.
यंदा दसरा झाल्यावर म्हणाली,
चल गं, बघून येऊ तरी
ते रूळ कुठंवर गेलेत.

तिचा पास, माझं तिकीट. देवगिरी.
परतूर सुटल्यावर तिनं काच वर केली
आणि रांजणी येईतोवर बोलली नाही.
एवढा टप्पा दादाचा.
रोज पहाटे खांद्यावर हातोडा,
एकेका चावीवर एकेक ठोका,
रेल्वेनं दिलेले, दोन नंबर मोठे बूट
पुढं चिंध्या कोंबून घातलेले.
"इथं आवाज बदलला बघ."
मला काही कळलं नाही.
मग तिनं धपाट्यांचं फडकं सोडलं.

सकाळी गाडी थांबली ती थांबलीच.
सगळे दाराकडं. ही मात्र
इंजिनाच्याही पुढं गेली,
जिथं रूळ संपतात
आणि लाल रंगाचा ठोकळा उभा असतो.
त्यावर तळहात ठेवला. ग्रीस लागलं.
हमालाला विचारलं, "ह्याच्या पुढं?"
"पुढं रस्ता, मावशी. रस्त्यापुढं पाणी."
"मंग बरोबर हाय. इथंच थांबाया पायजे."

वेटिंग रूममध्ये आंघोळ, नवं लुगडं,
आणि मग आम्ही मुंबईला लागलो.

राणीच्या बागेत पेंग्विन.
काचेपलीकडं काळे कोट, पांढरे शर्ट,
पोट पुढं काढून, हात मागं,
एकामागं एक.
"अगं, इन्स्पेक्शनला आलेले सायब!"
ती इतकी हसली की
शेजारचं रडणारं पोर गप्प झालं.
एकानं पाण्यात सूर मारला तेव्हा म्हणाली,
"एवढं मात्र त्यांना जमत नव्हतं."

मलबार हिलवर म्हातारीचा बूट.
लहान पोरांच्या रांगेत उभी राहून चढली,
वरच्या खिडकीतून हात हलवला,
उतरून म्हणाली, रेल्वेनंच दिला असणार.
मापावरनं कळतंय.

गेटवेला दीडशे रुपयांचा फोटो.
तो आमचा कमी, कबुतरांचा जास्त.
मग तासाभराची लाँच.
ती हलली तशी वहिनीनं माझं मनगट धरलं.
"ह्याच्या खाली काय हाय?"
पाणी.
"खडी न्हाई? सिलिपर न्हाई?"
काहीच नाही, वहिनी.
"मंग धरून कुणी ठेवलंय?"
कुणीच नाही.
बराच वेळ ती पाण्याकडं बघत बसली.
मनगट कधी सोडलं ते मला कळलं नाही.
पदर डोक्यावरून उडाला,
तो तिनं पुन्हा घेतला नाही.

चौपाटीवर भेळ. तिखट कमी, असं तिचं मत.
पावलं वाळूत रुतवून, लाट आली की
"आली, आली," आणि गेली की
"गेली बघ, लबाड."
साठीची बाई.

अंधार पडला, दिवे लागले.
मी म्हटलं, याला राणीचा हार म्हणतात.
ती कठड्याशी गेली. गुडघ्यावर हात टेकून वाकली,
एक डोळा मिटला,
दुसरा पार त्या टोकापर्यंत नेला.
घाईतली माणसं तिला वळसा घालून गेली.
दादा असाच रुळाला गाल लावायचा.
"कर्व चांगला बसवलाय," ती उठत म्हणाली.
"तिसऱ्या का चवथ्या खांबाला जरा घोळ हाय,
पर चालंल."

परतीला खिडकी तिचीच होती.
कल्याणलाच झोपली. मनमाडला चहा घेऊन
हाक मारली, हूं नाही की चूं नाही.
पहाटे रांजणी आली. पुढं दादाचा टप्पा.
मी कान देऊन ऐकत राहिले
आवाज कुठं बदलतो ते.
वहिनी तोंड उघडं टाकून घोरत होती,
निऱ्यांतून वाळू बर्थवर सांडत होती.
परतूर जवळ आलं.
आणखी एक मिनिट, म्हटलं,
मग उठवू.