हवाई अंतर

नियम असा:
एका डॉलर-दुकानापासून दुसरं एका मैलाच्या आत नको.
मैल मोजायचा हवाई,
हद्दीच्या खुणेपासून हद्दीच्या खुणेपर्यंत,
रस्त्याने नाही.
हे वाक्य माझं. नगरपालिकेच्या वकिलाने
त्यातले फक्त दोन स्वल्पविराम काढले.

नकाशे हल्ली संगणकच काढतो,
पण सुनावणीच्या आदल्या रात्री मी
मुलीच्या दप्तरातलं कर्कटक घेऊन टेबलाशी बसलो.
अकरा दुकानं, अकरा भोकं.
वर्तुळं एकमेकांत अशी गुंतली
की गावाच्या पूर्वेला बोट टेकायला जागा उरली नाही,
दफनभूमी सोडून, आणि मालगाड्यांचं यार्ड.
मुलगी वाकून म्हणाली,
ऑलिंपिकवाल्यांना शिंक आली वाटतं.

सभागृहात माणशी तीन मिनिटं.
कंपनीचा माणूस अडीच मिनिटांत आटोपला:
स्वस्ताई, उजेड, बारा नोकऱ्या.
शॅनेल बुकर कामाच्या पिवळ्या टीशर्टमध्येच आली होती.
बारा कुठल्या, म्हणाली,
रात्री गल्ल्यावर मी, ट्रक उतरवायला मी,
फरशी पुसायला मी,
आणि चोर आला तर साक्षीदार पण मीच.
रेव्हरंड टिलमन म्हणाले,
आमच्या पोरांनी सफरचंद
फक्त शाम्पूच्या बाटलीवर पाहिलंय.
हशा झाला. इतिवृत्तात हशा लिहीत नाहीत.

मग ओडेसा प्रुइट.
वय एक्याऐंशी, वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू.
माईक खाली करायला मला उठावं लागलं.
हॅन्लीचं मार्केट गेलं, ती म्हणाली,
तेव्हा तुमची सुनावणी कुठे होती?
दुकान उघडायला सतरा सह्या लागतात,
बंद करायला एक कुलूप.

हॅन्लीत मी सोळाव्या वर्षी पिशव्या भरायचो.
भाजीवर फवारा सुटायच्या आधी
छतातल्या स्पीकरमधून खोटा गडगडाट व्हायचा,
आणि ओडेसाबाई, तेव्हा ताठ, तेव्हा हॅट घालणाऱ्या,
कोलार्डच्या जुडीवरून हात मागे घेत म्हणायच्या,
आलं बघ वादळ.
हे मी सभेत सांगितलं नाही.
कर्मचाऱ्यांना मत नसतं.

सात विरुद्ध दोन. नियम पास.

आता सव्वा वर्ष झालं.
बारावं दुकान आलं नाही. कागदोपत्री आम्ही जिंकलो.
हॅन्लीच्या काचांवरचं प्लायवूड तसंच आहे,
फक्त त्यावरचं चित्र बदललं.
आमच्या संहितेत ‘नको’ नऊशे पानं आहे.
‘ये’ कुठल्या कलमात लिहायचं
ते मला अजून कुणी दाखवलं नाही.

जुन्या अकरांना सवलत दिली:
शेकडा पंधरा फळी ताज्या मालाला द्या आणि राहा.
म्हणून दर तिमाहीला मी टेप घेऊन जातो.
केळी, एकेक प्लास्टिकमध्ये झोपवलेलं. धरली.
बटाटे, डोळे फुटलेले. धरले.
लिंबाच्या आकाराच्या बाटलीतला लिंबाचा रस?
शॅनेल म्हणाली, साहेब, आकार तरी ताजा आहे.
मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं.

खोक्यांनी अर्धी अडलेली वाट,
त्यातून वॉकर आडवा करत ओडेसाबाई आल्या.
हवाई अंतराने त्यांचं घर इथून पाव मैल,
महामार्गाच्या पुलावरून फिरून आलं तर सव्वा.
असून अडचण, नसून खोळंबा,
म्हणजे दुकान, की नियम, की मी,
हे विचारायची ती वेळ नव्हती.

बराच वेळ त्या माझ्या टेपकडे बघत राहिल्या.
झालं का मोजून?
मग तो वरचा कांदा दे काढून.
तो नाही.
त्याच्या मागचा.