तिसऱ्या आठवड्याची यादी

बत्तीस संघ.
सतरा सामने प्रत्येकाला, त्यातले झालेत तीन,
आणि क्रमवारी मात्र आजच हवी.
इंदूरला मंगळवारची सकाळ, साडेआठ;
तिकडे सोमवारची रात्र अजून संपायची आहे,
शेंडी काढलेल्या नारळासारखा तो चेंडू
पोटाशी धरून कुणीतरी धावतंय
आणि चार जण त्याच्या अंगावर झेपावतायत.

विजय नगरच्या चौथ्या मजल्यावर
मी प्रत्येक संघापुढे एक ओळ लिहितो.
वर का, खाली का, जागच्या जागी का.
मैदानावर एकही सामना पाहिलेला नाही आयुष्यात.
पण कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, सगळं पाठ आहे,
आत्याच्या दुखण्यांसारखं.
शेजारून कस्तुरे विचारते,
"पहिल्यांना काय लावू? मागल्या खेपेला 'अभेद्य' लिहिलं होतं."
"'अजून तरी' जोड मागे," मी म्हणतो.
या धंद्यात हे दोन शब्द मिठासारखे.

घरी, सुदामा नगरात, अण्णा वाट बघत असतात.
मराठी शाळेत गणित शिकवलं त्यांनी,
घटक चाचणीचे नंबर कधी काढले नाहीत.
पालक भांडायला यायचे. अण्णा म्हणायचे,
वर्ष अजून पाव सरलं नाही,
आत्ताच कुणाला पहिला म्हटलं
तर त्याला ते खरं वाटतं.
आता तेच माझी यादी डायरीत उतरवून घेतात,
लाल शाईनं, समास आखून.
प्राण्यांची नावं त्यांना चालत नाहीत.
अस्वलं काय, डॉल्फिन काय, सर्कस आहे का?
गावावरून ओळखतात एकेकाला,
लग्नातल्या पाहुण्यांसारखं.

काल दुपारी म्हणाले, "आणि बत्तिसावा?"
"तळ्याकाठचं ते गाव. तिन्ही हरले."
"कितीनं?"
एकानं. दोननं. आणि परवा, शेवटल्या सेकंदाला, तीननं.
अण्णांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
"म्हणजे सहा गुण.
सहा गुणांसाठी शेवटचा बाक?"

तर आज मी त्या संघाला
एकोणतिसाव्या जागेवर नेऊन बसवला.
तिघे खाली सरकले, कुणी हू की चू केलं नाही.
कारणाच्या ओळीत लिहिलं:
हरतायत, पण जवळून.

खाली कचऱ्याची गाडी आली, तिचं गाणं लागलं,
ओला वेगळा, सुका वेगळा.
आमचं शहर पहिलं येतं, वर्षामागून वर्षं,
आणि पहिलं येत राहण्याचा थकवा
मी पोह्याच्या ठेल्यावर पाहिलाय.
चिमूटभर जिरावण सांडलं तर मालक स्वतः वाकून पुसतो.
"भिया, नंबर चला जाएगा," म्हणतो.
हसतो.
पण पुसतो.

पुढच्या रविवारी तळ्याकाठच्या गावानं
एकेचाळीस-तीन असा मार खाल्ला.
एकेचाळीस-तीन!
कारण लिहायचीसुद्धा गरज नव्हती.
मंगळवारी गुपचूप त्यांना बत्तिसावर आणून ठेवलं,
शेजारच्याचं बघून लिहिलेलं उत्तर
घाईघाईनं खोडावं तसं.
कस्तुरेनं पाहिलं. बोलली नाही.
दोन चहा सांगितले.

अण्णांना काय सांगायचं ते
पलासियापासून घरापर्यंत जुळवत आलो.
ते खुर्चीतच झोपले होते,
चष्मा कपाळावर, डायरी मांडीवर उघडी.
एक ते एकतीस, सगळ्यांपुढे आकडे,
एकाला दोनदा खाडाखोड.
त्या गावापुढे मात्र आकडा नाही,
नुसतं, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात:
चौदा बाकी.
त्यावर एक रेघ.
खाली, शाई अजून ओलसर वाटावी इतकं ताजं:
तेरा बाकी.

मी पंखा एकनं कमी केला.