चालु

कान कधी गेले ते कळलंच नाही.
एकोणतीस वर्षं माग ठोकत राहिला
आणि मला वाटायचं, सोलापुरातली माणसंच हळू बोलायला लागलीत.

धागा तुटला की मला तळव्यांना कळतं.
फरशीतली थरथर एक ठोका चुकते,
मी वळतो, गाठ मारतो, धोटा परत पळतो.
कानांचं काम पायांनी उचललं,
न बोलता, घरातल्या थोरल्या मुलीसारखं.

पेंटय्या शेठ वाईट माणूस नाही.
रेणुकाच्या बाळंतपणाला अठरा हजार त्यानंच दिले,
चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून.
वहीत लिहिलं : नरसय्या, बाकी.
दर शनिवारी कापतात, आणि दर दिवाळीला
ती तिथंच, खुंटीवरच्या शर्टासारखी.
शेठ म्हणतो, जा की, कोण धरलंय तुला?

परवा कोस्गीहून नवा पोरगा आला, राजलिंगम.
पहिल्याच रात्री कानात कापूस कोंबला त्यानं.
मी हसलो.
सकाळी शेठनं वही पुढं केली,
पोराची उचल वीस हजार,
साक्षीदार म्हणून सही कर, तुझं ऐकतो तो.
पेन हातात घेऊन म्हणालो, चष्मा घरी राहिलाय.

मार्कंडेयाच्या देवळात गेलो.
आमचा देव धरून ठेवणाऱ्यांचा.
यम फास घेऊन आला तर पोरानं पिंडीला मिठी मारली.
लहानपणापासून हेच ऐकलेलं :
सोडलं नाही, म्हणून वाचला.
आता त्याच्यापुढंच उभं राहून कसं विचारायचं,
सोडू का?

तरी विचारलं. मोठ्यानं विचारलं असणार,
दोन बाया वळून बघायल्या.
देवा, बोलणार असशील तर जरा जोरात बोल.
या कानानं अर्धं येतं, त्या कानानं तेवढंही नाही.

घंटा हलताना दिसली, बस.

खांबाला टेकून तळवे फरशीवर ठेवले, सवयीनं.
थंड दगड. काहीच थरथरत नव्हतं.
पायाखाली इतकं शांत असतं
हे मी विसरलो होतो.

प्रसादाच्या रांगेत पुढं एक पोरगी.
पुजारी तिच्या ओंजळीत चिंचेचा भात घालतोय, घालतोय,
आणि ती मान वर करून, ओठांचा चंबू करून म्हणाली :
चालु.

ऐकलं नाही मी. तिच्या ओठांवर वाचलं.
आईच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
आणि कारखान्यात, खटक्याच्या वर,
लाल रंगात तोच शब्द, उकार तेवढा लांब.
रोज पहाटे त्याच्याखाली बोट दाबून
मी दिवस सुरू केला.

देवाचा आवाज होता का? शपथ कुणाची घेऊ.
पोरगी बोटं चाटत निघून गेली.

घरी अनसूया विड्या वळत होती, सूप मांडीवर.
सगळं सांगितलं. तिनं मोजणं थांबवलं नाही.
पंचवीस झाल्यावर दोरा गुंडाळला, काहीतरी बोलली.
काय?
उठून आली, बऱ्या कानाला तोंड लावून म्हणाली,
मला पाच वर्षांमागं सांगितलं होतं त्यानं.
तू कुठं ऐकायलास.

रात्री कुशीवर वळताना लक्षात आलं :
मार्कंडेयानं धरलं ते एकच.
बाकी सगळं सोडलं असेल,
तेव्हाच दोन्ही हात पिंडीभोवती पुरले.

सोमवारी वही परत सरकवली, सही न करता.
म्हणालो, माझी बाकी आठवड्याला दोनशेनं फेडतो,
बाहेरून.
शेठ बराच वेळ बोलला. ओठ पटपट हलत होते,
मी वाचले नाहीत.
राजलिंगमला खुणेनं सांगितलं,
कापूस राहू दे. पण सही करण्याआधी काढ.

पुढं काय, ते मलाही ठाऊक नाही.
मागावर चादर कधी पूर्ण दिसते?
वीतभर दिसते. विणलेली खाली गुंडाळत जाते,
आणि वरून येणारा ताणा कुठवर आहे
हे ज्यानं गुंडाळला त्याला माहीत.

अशोक चौकात चपला हातात घेतल्या.
ऊन तापायला लागलं होतं.
तळव्यांना रस्ता लागला, थोडी थरथर होती त्यात.
ट्रकची असेल.