तीन मीटर

खोक्यात खोकं, त्यात मखमल,
मखमलीत निजलेली जांभळ्या कातीची तार,
करंगळीहून जाड. सोबत प्रमाणपत्र.
ताइस्तो म्हणाला, आधी हात धुऊन ये.

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात तारा जोडल्या,
कुओपिओपासून थेट रशियाच्या कुंपणापर्यंत.
तारेला हात लावायला साबण लागतो
हे मेहुण्याच्या घरी कळलं.

किंमत त्यानं सांगितली नाही.
बहिणीनं सांगितली, हिल्क्कानं,
कॉफी गाळताना, पाठमोरी:
बोटीचं नवं इंजिन आलं असतं.
बोट शेडमध्ये उपडी पडून आहे, दोन उन्हाळे.

तो सांगत होता, तांबं किती शुद्ध,
टक्केवारीत नऊचा आकडा किती वेळा येतो.
तारेवर बाण छापलाय,
संगीतानं रस्ता चुकू नये म्हणून.
टोकांना सोनं.
मी टोक उघडून पाहिलं: आत डाग दिलेला, साधा, कथलाचा.
नाव सोनूबाई, आणि हाती…
पुढचं बोललो नाही. पाहुणा होतो.

एवढंच विचारलं:
ती बाई ज्या खोलीत चेलो वाजवत होती
तिथल्या भिंतीतल्या तारा कुणी ओढल्या असतील?
माझ्यासारख्याच कुणी तरी,
शुक्रवारी दुपारी, घरी जायच्या घाईत.
सगळी वाट कच्ची,
आणि शेवटचे तीन मीटर तेवढा राजरस्ता?

कान असावा लागतो, ताइस्तो म्हणाला.
म्हटलं, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला?
तू खिडकीकडे तोंड कर.
मी मागे बसून बदलतो,
कधी ही, कधी ती काळी, खोक्याबरोबर फुकट आलेली.

कपाटामागे धूळ, एक मेलेली माशी,
हिल्क्काची केव्हाची हरवलेली कुडी.
गुडघ्यांवर बसलो आणि आठवलं:
जानेवारी, उणे अठ्ठावीस, मी खांबावर.
वादळानं तोडलेली जोडी दातांनी सोललेली,
ओठाचं कातडं तांब्याला चिकटून राहिलेलं.
पीळ दिला, तपासायला कानाला लावलं.
एक म्हातारी कुणाला तरी सांगत होती,
"काही नाही रे. काम असं काही नाही."
मग दोन्हीकडून नुसती खरखर.
कुणीच ठेवत नव्हतं.
मीही ऐकत राहिलो, नियम मोडून,
बोटं माझी आहेत हे विसरेपर्यंत.

"बदललीस?"
"बदलली."
काही बदललं नव्हतं.
पहिल्यापासून काळीच लावली होती.
"अहाहा!" ताइस्तो खिडकीला म्हणाला,
"आता पडदा सरकला. गजावरची राळसुद्धा ऐकू येतेय."
आणि लाज वाटते सांगायला,
मलाही आली.
धुळीत, माशीशेजारी, गुडघे दुखत असताना
गजावरची राळ.

दारात हिल्क्का, हातात ट्रे.
"आवाज वाढलाय," ती म्हणाली,
"तुझं कोपर लागलं असेल बटणाला."

लागलं होतं.

ताइस्तोनं ते ऐकलं नाही.
उजव्या कानानं त्याला वर्षभर कमी येतं,
हे मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही.
मी खुर्ची ओढून त्याच्या डावीकडे बसलो.
चेलो संपेस्तोवर कुणी कपसुद्धा वाजवला नाही.
बाहेर तळ्यावर बर्फ तडकला,
लांबलचक, या काठापासून त्या काठापर्यंत.
कुडी खिशात तशीच राहिली.

रात्री त्याचा फोन.
"खरं सांग. बदलली होतीस ना?"

"हॅलो?" मी म्हणालो,
"हॅलो? ताइस्तो, लाईन खराब आहे,
काही ऐकू येत नाही."

लाईन लख्ख होती.
त्याच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.
मी ठेवला नाही.
त्यानंही.