लिफ्टची नाणी

आमच्या इमारतीची लिफ्ट उतरते फुकट,
वर यायचं तर नाणं मागते.
म्हणून कुताइसीत, सातव्या मजल्यावर,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी चिल्लर साठवतो,
आईला आठवड्यातून एकदा ऊन दाखवण्यापुरती.

पहिला महिना मी एकट्यानंच रेटला.
रात्रीतून तीनदा तिची कूस बदलायची,
पहाटे मिनीबस काढायची, दुपारी धावत घरी,
तिला भरवेस्तोवर माझ्या ताटातली मक्याची घोमी दगड.
डायपरच्या पुड्यांत पगार पंधरा तारखेलाच विरघळला.
आणि विसाव्या दिवशी मी तिच्यावर खेकसलो,
का, तर तिनं पाणी मागितलं.
एवढंच. पाणी.

त्या रात्री इटलीतून, बारीहून, इर्माचा फोन.
माझी बहीण तिकडे दुसऱ्याच कुणाच्या आईची पाठ पुसते,
त्यातले दोनशे युरो आमच्या आईसाठी पाठवते,
आणि हे बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे.
म्हणाली, "ओतिया, फोन उभा कर. चादर दाखव.
हातांनी उचलू नकोस, चादरीनं ओढ.
तुझी कंबर गेली तर दुसरी आहे का?
डायपर फक्त रात्री. दिवसा मेणकापड,
वर जुन्या पडद्यांच्या चौपदरी घड्या.
आणि कागद घे. तू ड्रायव्हर ना?
वेळापत्रक तुला काय शिकवायचं!"

कागद घेतला.
मंगळवार, शुक्रवार, दहा ते एक: पाचव्या मजल्यावरची झुझुना.
पैसे काढले की तोंड फिरवते.
मग रविवारी माझी गाडी तिला
नवऱ्याच्या थडग्यापर्यंत नेते, आणते,
आणि बटाट्याचं पोतं मी वर चढवतो.
शाळा सुटल्यावर तिचा नातू साबा, आठवड्याचे दहा लारी,
फुटबॉलचे निकाल वाचून दाखवतो.
आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही,
पण कुणी हरलं की तिची एक भुवई खाली येते.
दुसरी येत नाही. झटक्यानंतर ती तशीच आहे.
लाल घेवडा दोन दिवसांचा एकदाच शिजवायचा.
धुणं सोमवारी. सोमवारी पाऊस असेल तर
मंगळवारी, आणि मंगळवारीही असेल तर
देवाची मर्जी आणि शेजाऱ्यांचा हीटर.

कागद भिंतीला लावला, तिच्या नजरेच्या उंचीला.
मक्वला, म्हणजे माझी आई,
ट्रकच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाळ्या लावणारी बाई.
कागद तिनं दोन दिवस वाचला.
तिसऱ्या दिवशी चालता डावा हात उचलून
बोट आधी स्वतःच्या छातीवर ठेवलं, मग कागदावर:
माझी पाळी कुठाय?
मी हसलो. ती हसली नाही.

बरणी तिच्या मांडीवर ठेवली.
आता रोज सकाळी ती नाणी मोजते,
वीसची एकीकडे, दहाची एकीकडे,
चुकली की सगळी परत ओतते.
अर्धा तास जातो.
त्या अर्ध्या तासात मी दाढी करतो.

काल बोट पुन्हा कागदावर गेलं.
माझ्या नावापाशी दर ओळीला अडखळत
गुरुवारच्या चौकोनात येऊन टेकलं,
आणि तिथलं माझं नाव तिनं नखानं खरवडलं.
शेवटच्या थांब्यावर गाडीलासुद्धा
दहा मिनिटं उभी राहू देतात,
हे मी तिला कधी सांगितलं होतं कोण जाणे.

गुरुवार, चार ते सहा. झुझुना येऊन बसली.
जोडे घालून मी दारातच घुटमळलो,
कुठं जायचं तेच सुचेना.
तर आईनं बरणीतून एक नाणं काढलं,
माझ्या तळव्यावर ठेवलं,
मूठ मिटवली.
वर यायला.