पाचवं चाक

शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीच्या मागच्या रस्त्याला
इर्शाद मुल्लाणीचं शेड.
अलीकडं उसाच्या ट्रेलरचे सांगाडे,
पलीकडं चाकांवर उभी तीन घरं,
अठरा फुटी, चोवीस फुटी, बत्तीस फुटी,
मिरवणूक पुढं गेल्यावर
मागं राहिलेल्या गाड्यांसारखी.

घरात शिरायच्या आधी
घराच्या पोटाखाली शिरणारा माणूस माझा.
एक्सल, पाटे, ब्रेकची वायर.
टॉर्च माझ्या हातात.
मी आपली चाकं मोजली. चार.
"पाचवं कुठंय रे?"
इर्शादनं पिकअपच्या हौद्यातली
ग्रीसनं माखलेली थाळी दाखवली.
"हेच, मावशी. ह्याच्यावर सगळं वळतं."
जात्याच्या मधल्या खिळीसारखं काहीतरी.
मी बोट लावून बघितलं
आणि यांच्या शर्टाला पुसलं.

बत्तीस फुटी आधी दाखवली,
दुकानदार महागाची साडी आधी उलगडतो तशी.
बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते.
सोफा, एसी, टीव्ही, कपाटाला आतून दिवा.
मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपेक्षा
चार फूट जास्तच.
"पाव्हणं आलं तर झोपतील," हे म्हणाले.
मी गप्प.
पाव्हण्यांपासूनच निघालोय की आपण.

मग यांनी करूळ घाटातलं वळण
बोटानं हवेत काढलं.
दोनदा काढलं, तीनदा काढलं,
बत्तीस फूट दरवेळी दरीत.

चोवीस फुटीत हे ताठ उभे राहिले,
हात वर करून छत चाचपलं, खूश झाले.
दोन शेगड्या, गरम पाणी, जेवायला टेबल.
मी ओट्यावर वीत ठेवली.
एक, दोन, अडीच.
भाकरीची परात बसायची नाही.
"बाहेर फोल्डिंगचा ओटा देतो, मावशी."
वाऱ्यावर पीठ उडतं,
हे याला कुणी सांगितलं नसावं.

अठरा फुटीच्या दारात यांचं डोकं आपटलं.
उद्यमनगरात कुठल्या मालकापुढं न वाकलेला फिटर
आत जाताना वाकला,
बाहेर येताना परत वाकला.
"खुराडं आहे हे."
एक पलंग, एक शेगडी, एक खिडकी,
संडासात बसलं की गुडघे दाराला.
किंमत विचारायलाही थांबले नाहीत.

मी मागं राहिले.
चौतीस वर्षं सीपीआरमध्ये काढलीत मी,
सहा बाय तीनची खाट मला पाठ आहे,
तिच्यावर माणूस कसा येतो, कसा जातो.
पण रात्रपाळीत मी स्वतः कधी टेकले नाही.
स्टुलावर बसून ताप लिहिला लोकांचा,
पहाटे चारचा, सहाचा.
गादी दाबून बघावी म्हणून बसले.
मग एक पाय वर घेतला.
मग दुसरा.

शेजारी लोखंड ओतत होते,
जमीन बारीक थरथरत होती,
खिडकीतून उसाचा ट्रॅक्टर गेला,
त्याच्यावरचं गाणं वळणापर्यंत ऐकू आलं.
एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन पायरी उतरून गेलेलं.
बाहेर दोघं घासाघीस करत होते,
कुजबुजत.
"काका, हळू बोला की."
"पाऊण तास झाला," हे सांगत होते,
"दुपारची झोपत नाही ती. लग्न झाल्यापासनं नाही."
मग कुणीच काही बोललं नाही.
टेप खडखडली, दाराला लागली.
"ह्याचं दार चार इंच उंच करून मिळंल?"
"महिना लागंल."
"लागू दे."

मी डोळे मिटूनच आतून म्हटलं,
"आणि परातीचं?"