नाकापेक्षा जड

ट्रेलरवरून उतरवली तेव्हा ती गाडी म्हणावी अशी नव्हतीच.
अडुसष्टची स्पिटफायर, डाव्या बाजूचा पत्रा कुजलेला,
सीटच्या फोमात उंदरांचा संसार,
आणि तेराशे सीसीचं ते चिमुकलं इंजिन
चौथ्या सिलिंडरपाशी तडकलेलं.
कुठल्याशा थंडीत आतलं पाणी काढायचं राहून गेलं असणार.
ईडवाल गेला ती थंडी, बहुतेक. मी विचारलं नाही.

मेरेरिड दारातच उभी, पर्स काखेत घट्ट.
म्हणाली, गेथिन, मोठं बसव.

मी आधी ऐकू न आल्याचं केलं.
मग हात पुसता पुसता समजावलं:
पंधराशेचं एक आहे, बालाच्या भंगारवाल्याकडे,
त्याच जागेत, फारशी खटपट न करता बसेल,
फक्त त्याचा क्रँक जरा लवकर कुरकुरतो.
नाहीतर याच ब्लॉकला टाके घालून घेऊ,
डोल्गेल्हाईत एक म्हातारा अजून करतो ते काम.

"आणि सगळ्यात मोठं?"

सगळ्यात मोठं म्हणजे सहा सिलिंडरचं, दोन लिटर.
बसतं. बसवणाऱ्यांनी बसवलंय.
पण रेडिएटर पुढे सरकवा,
गिअरबॉक्स बदला, डिफरन्शियल बदला, पुढच्या स्प्रिंगा बदला,
तरी बॉनेट मिटत नाही, त्याला वरून फुगवटा काढावा लागतो,
आणि एवढं करून वळणावर गाडी सरळच जायला बघते.
नाकापेक्षा मोती जड, मी म्हणालो.

ती हसली.
आमच्याकडे मेरेरिड म्हणजे मोती.
ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी
खाली वाकून स्पॅनर शोधत होतो, जो हातातच होता.

मग ती स्टुलावर बसली. तेलकट आहे म्हणालो, तरी बसली.
"बुल्ख-अ-ग्रोएसचा चढ माहितेय ना?
तिसऱ्या वळणाला काटा लाल व्हायचा.
दर वेळी. एकतीस उन्हाळे.
तो उतरायचा, बॉनेट उघडायचा,
आणि जणू तिथेच यायचं होतं असा दगडावर बसून
थर्मासातला चहा पीत मेंढ्यांना नावं ठेवायचा.
सगळ्यांना सांगायचा, काय जागा आहे!
इंजिन निवेपर्यंत चहाही निवायचा.
मला गार चहा आवडत नाही, गेथिन."

वर कधी पोचलातच नाही?

"पोचायचो की. तोवर ढग खाली आलेले असायचे."

मी अस्सलपणाबद्दल बोलणार होतो,
जुळत्या नंबरांबद्दल, किमतीबद्दल,
कारखान्यातून निघाली तशी गाडी म्हणजे काय, याबद्दल.
ते भाषण माझ्याकडे कायम तयार असतं.
त्या दिवशी ते माझ्या घशात बंद पडलं.

सप्टेंबर ते मे.
फुगवटा मी हाताने ठोकला, लाकडी हातोडी, खाली वाळूची पिशवी.
तीनदा बिघडला. चौथ्यांदा
चादरीखाली कुणी गुडघा उभा करावा तसा आला.
जुनं इंजिन बाकाखाली सारलं. गिऱ्हाईक आलं होतं एक,
त्याला मी उगाचच चढी किंमत सांगितली.
कागदावर जुन्या नंबरावर काट मारून
तिने नवा लिहिला, सातांना आडवी रेघ देऊन,
आणि फुंकर घातली, ती मात्र जुन्यावर.

जूनमधल्या एका मंगळवारी निघालो.
तिसरं वळण आलं. गेलं.
काटा मध्यावरून हलला नाही.
दगड मला दिसला. तिला दिसला का, सांगता येत नाही,
नाक सरळ निघालं होतं
आणि ती दोन्ही हातांनी ते वळवत होती.

वर ढग नव्हते. डोंगर होते, त्यामागे डोंगर,
एका कुंपणाला अडकलेली लोकर.
इंजिन चालूच ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.
"एवढंच?"
एवढंच, मी म्हणालो.
"बरं आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चांगलं आहे."
मग तिने सीटमागून थर्मास काढला.

माझी जीभ पोळली.